काट्यापासून ईआरपीपर्यंत: अडॅप्टरच्या इव्हेंटवर नजर ठेवताना

उसाची गाडी काट्यावर दोनदा चढते. आधी भरलेली, मग गव्हाणीत ऊस टाकून रिकामी. दुसऱ्या वजनानंतर निव्वळ वजन ठरतं, पावती निघते आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये काट्याच्या डेटाबेसमधला ट्रिगर (टेबलात बदल झाला की आपोआप चालणारा छोटा प्रोग्राम) इव्हेंट टेबलात एक रेकॉर्ड टाकतो. तिथून पुढे आयबीएमच्या वेबस्फिअर प्रोसेस सर्व्हरवरच्या जेडीबीसी अडॅप्टरचं, म्हणजे डेटाबेसला इतर प्रणालींशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरचं, काम सुरू होतं. तो रेकॉर्ड उचलतो, पावती वाचतो आणि ईआरपीकडे, म्हणजे कारखान्याच्या हिशेबाच्या प्रणालीकडे, पोचवतो. शेतकऱ्याच्या खात्यावर टनेज चढणं, तोडणी टोळीचं आणि वाहतूकदाराचं बिल तयार होणं, मोबाइलवर मेसेज जाणं, हे सगळं या एका रेकॉर्डवर अवलंबून असतं.

बेळगाव जिल्ह्यातल्या हुक्केरी-चिकोडी पट्ट्यातल्या एका कारखान्यात या अडॅप्टरचं इव्हेंट मॉनिटरिंग बसवायचं काम आम्ही केलं. सर्व्हर आवृत्ती 7 चा, डेटाबेस डीबी2. चार काटे, प्रत्येकावर तासाला पंधरा-वीस गाड्या, म्हणजे भर हंगामात तासाला जास्तीत जास्त 80 पावत्या. सर्व्हरच्या मानाने हा आकडा किरकोळ आहे. पण 80 मधली एक पावती जरी अडकली तरी दुसऱ्या दिवशी सकाळी केन ऑफिसच्या खिडकीशी माणूस उभा असतो, हातात पावती घेऊन, आणि त्याचं म्हणणं बरोबर असतं. त्यामुळे आमच्यापुढचा प्रश्न वेगाचा नव्हता. अडकलेली पावती शेतकऱ्याच्या आधी आपल्याला दिसली पाहिजे, एवढीच गरज होती.

मॉनिटरिंग म्हटलं की बहुतेक जण थेट कॉमन इव्हेंट इन्फ्रास्ट्रक्चर, म्हणजे सीईआय, ही प्रत्येक घडामोड नोंदणारी सोय चालू करतात. आम्ही उलट क्रमाने गेलो आणि तोच क्रम बरोबर आहे असं आमचं ठाम मत आहे. पहिली नजर इव्हेंट टेबलावर, दुसरी पीएमआयच्या, म्हणजे सर्व्हरच्या कामगिरीच्या मोजमापाच्या, काउंटरवर आणि सीईआय सगळ्यात शेवटी, तेही ठरावीक वेळापुरतं. किती अडकलं हे टेबल सांगतं, कुठे अडकलं हे काउंटर सांगतो. का अडकलं हे शोधायची वेळ आली की मगच सीईआय उघडायचं.

इव्हेंट टेबलाचं नाव अडॅप्टरसोबत येणाऱ्या स्क्रिप्टमध्ये डब्ल्यूबीआयए जेडीबीसी इव्हेंटस्टोअर असं आहे. इव्हेंट आयडी, एक्सआयडी (ट्रान्झॅक्शनची ओळख), ऑब्जेक्ट की (कुठली पावती हे सांगणारी ओळख), ऑब्जेक्टचं नाव, फंक्शन, प्रायॉरिटी, वेळ, स्टेटस आणि कॉमेंट हे त्यातले मुख्य कॉलम. स्टेटस 0 म्हणजे नवा इव्हेंट, 1 म्हणजे पोचवलेला, आणि -1 म्हणजे प्रक्रिया करताना चूक झालेला. मॉनिटरिंगची निम्मी किंमत या एका कॉलममध्ये आहे.

त्याआधी ट्रिगर नीट करावा लागला. आधीचा ट्रिगर वजनाच्या टेबलात कुठलाही बदल झाला की इव्हेंट टाकत होता. पहिलं वजन, दुसरं वजन, पावती छापली याची खूण, डुप्लिकेट प्रत काढली याची खूण, असे एका गाडीमागे चार-पाच इव्हेंट पडायचे. ईआरपी त्यातले जास्तीचे नाकारायचं, ते -1 होऊन बसायचे आणि त्या गर्दीत खरी चूक सापडायची नाही. ट्रिगरला अट घातली: निव्वळ वजनाचा कॉलम रिकाम्यावरून भरला गेला तरच इव्हेंट. वजन दुरुस्तीसाठी अपडेटचा वेगळा ट्रिगर ठेवला आणि तोही फक्त वजन बदललं तरच चालतो. हे न करता वरचं कुठलंही मॉनिटरिंग बसवलं असतं तर त्याने खोट्या सूचनाच दिल्या असत्या.

ऑब्जेक्ट की म्हणून गाडीचा नंबर कधीही वापरू नका. आपल्याकडे केए 22 आणि केए 23 च्या गाड्यांबरोबर चंदगड, गडहिंग्लजकडून एमएच 09 च्याही येतात आणि एकच ट्रॅक्टर दिवसात दोन-तीन खेपा करतो. की ही हंगाम आणि पावती नंबर मिळून असावी. एकापेक्षा जास्त कीज असतील तर त्या ठरलेल्या चिन्हाने तोडून लिहायच्या, नेहमीच्या मांडणीत ते अर्धविराम असतं. ऑब्जेक्टचं नाव मॉड्यूलमधल्या (अडॅप्टरकडून माहिती घेऊन पुढे देणाऱ्या भागातल्या) बिझनेस ऑब्जेक्टच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे, लहान-मोठ्या अक्षरांसकट. एका अक्षराचा फरक पडला तरी इव्हेंट पोचत नाही आणि टेबलात पाहून कारणही लक्षात येत नाही, कारण वाचणाऱ्या डोळ्याला दोन्ही नावं सारखीच दिसतात.

सीमाभागातली एक अडचण इथे सांगायला हवी, कारण ती इतर ठिकाणच्या माहितीपत्रकात सापडणार नाही. शेतकऱ्याचं आणि गावाचं नाव कुठे कन्नडमध्ये असतं, कुठे मराठीत, कधी दोन्ही. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं अधिकृत नाव बेळगावी झाल्यावर मास्टरमधल्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या मूळ यादीतल्या, जुन्या-नव्या नोंदींत आणखी फरक पडला. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत कन्नड किंवा देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. कॉलमची लांबी बाइटमध्ये मोजली जात असेल तर 60 च्या कॉलममध्ये फक्त 20 चिन्हं मावतात, आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. ‘हुक्केरी’ या साडेतीन अक्षरांच्या नावात आठ चिन्हं आहेत, म्हणजे 24 बाइट. रोमनमध्ये लिहिलेली नावं सुरळीत जात होती आणि कन्नड-मराठीतली लांब नावं -1 होत होती. इव्हेंटमध्ये दोष नव्हता, पुढच्या टेबलातला कॉलम तोकडा होता. कॉलम तिपटीने वाढवला आणि तेवढ्यावर तो विषय संपला. -1 झालेले इव्हेंट एकत्र ठेवून त्यांच्यात काय सारखं आहे ते आधी पाहा, एकेक रेकॉर्ड सोडवत बसू नका.

आता पोलिंग, म्हणजे अडॅप्टरने ठरावीक वेळाने इव्हेंट टेबल तपासणं. आमच्या अडॅप्टरचा पोल पिरियड आधी 500 मिलिसेकंद होता आणि पोल क्वांटिटी, म्हणजे एका फेरीत उचलायचे इव्हेंट, 10. म्हणजे तासाला 7200 फेऱ्या, 80 पावत्यांसाठी. आम्ही पिरियड 5000 केला, फेऱ्या 720 वर आल्या. शेतकऱ्याला मेसेज पाच सेकंदांनी उशिरा गेला तर काहीच बिघडत नाही. क्वांटिटी 10 च ठेवली. सर्व्हर काही तास बंद राहिला आणि 400 पावत्या साठल्या तरी पाच सेकंदांना 10 या हिशेबाने मिनिटाला 120, म्हणजे साडेतीन मिनिटांच्या आत रांग मोकळी होते. एखादी फेरी लांबली तर अडॅप्टर पुढची फेरी लगेच घेऊन वेळ भरून काढतो, त्यामुळे लॉगमध्ये दोन फेऱ्या चिकटून दिसल्या तर घाबरायचं कारण नाही.

आपल्या भागात वीज जाणं-येणं गृहीत धरूनच सेटिंग करावं लागतं. रिट्राय इंटरव्हल 60,000 मिलिसेकंद असतो, रिट्राय लिमिट 0 ठेवलं तर अडॅप्टर थकत नाही, प्रयत्न करतच राहतो. इथवर ठीक आहे. पण हे दोन्ही चालू पोलिंग तुटल्यावर लागू होतात. सर्व्हर सुरू होतानाच डेटाबेस मिळाला नाही तर काय करायचं याचं सेटिंग वेगळं आहे, रिट्राय कनेक्शन ऑन स्टार्टअप, आणि ते मुळात बंद असतं. लाइट आल्यावर अॅप्लिकेशन सर्व्हर डेटाबेसच्या आधी उठला की अडॅप्टर एकदा प्रयत्न करतो, हरतो आणि गप्प बसतो. कन्सोलमध्ये (सर्व्हर सांभाळायच्या पानावर) अॅप्लिकेशन चालू दिसतं, हिरवा बाण दिसतो, आणि टेबलात शून्यांची रांग वाढत जाते. हे सेटिंग चालू करा. यूपीएसवरच्या मशीनचा उठण्याचा क्रमही ठरवून घ्या, पण फक्त क्रमावर विसंबू नका.

अश्युअर्ड वन्स डिलिव्हरी, म्हणजे प्रत्येक इव्हेंट एकदाच पोचेल ही हमी, चालूच ठेवली. ती बंद केली तर वेग थोडा वाढतो, पण मध्येच सर्व्हर पडला तर एकच पावती दोनदा जाऊ शकते आणि टनेज दुप्पट होतं. ती चालू असताना अडॅप्टर एक्सआयडी कॉलम वापरतो. म्हणून त्या टेबलात हाताने अपडेट मारताना जपा. एक्सआयडी भरलेला रेकॉर्ड कुणाच्या तरी हातात आहे, त्याला स्पर्श करायचा नाही. सर्व्हर लवकर उठावा म्हणून ट्रान्झॅक्शन लॉगचं फोल्डर पुसायची सवय काही ठिकाणी पाहिली आहे. ते पुसलं की अर्धवट राहिलेल्या ट्रान्झॅक्शनचा मागच उरत नाही आणि ते रेकॉर्ड तसेच लटकत राहतात.

एवढं झाल्यावर मॉनिटरिंगची पहिली क्वेरी लिहिली. दर पाच मिनिटांनी तीन आकडे: स्टेटस 0 किती, त्यातला सगळ्यात जुना किती मिनिटांचा, आणि गेल्या तासात -1 किती. यातला मधला आकडा सगळ्यात मोलाचा. 0 स्टेटसचे 30 इव्हेंट असणं वाईट नाही, ते दहा सेकंदांपूर्वी आलेले असू शकतात. पण एकच इव्हेंट वीस मिनिटं शून्यावर असेल तर नक्की काहीतरी थांबलंय. तीन मिनिटांवर सूचना, दहा मिनिटांवर फोन, अशी मर्यादा ठेवली. क्वेरी अनकमिटेड रीडने चालवायची, नाहीतर आपली नजर ठेवणारी क्वेरीच कुलूप लावून अडॅप्टरला अडवते. स्टेटस आणि वेळ या दोन कॉलमवर मिळून इंडेक्स हवा.

इथे घड्याळाची भानगड झाली. इव्हेंटची वेळ काट्यावरच्या कॉम्प्युटरकडून येत होती आणि चारातल्या एकाचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. त्या काट्याचा प्रत्येक इव्हेंट जन्मतःच अकरा मिनिटं जुना दिसायचा आणि दहा मिनिटांची मर्यादा ओलांडून सूचना यायची. शिवाय अडॅप्टर वेळेप्रमाणे इव्हेंट उचलतो, म्हणून त्या काट्याच्या पावत्या रांगेत पुढे घुसायच्या. ट्रिगरमध्ये डेटाबेस सर्व्हरची वेळ घेतली, काट्यांचे कॉम्प्युटरही एका टाइम सर्व्हरला जोडले.

पीएमआयसाठी कन्सोलमध्ये सर्व्हर निवडून परफॉर्मन्स मॉनिटरिंग इन्फ्रास्ट्रक्चरच्या पानावर जायचं. मुळात पातळी बेसिक असते, तिच्यात अडॅप्टरचे आकडे धरू नका. कस्टम निवडा, मग झाडात डब्ल्यूबीआय स्टॅट्सचा मूळ गट, त्याखाली रिसोर्स अडॅप्टर. इथे हमखास गोंधळ होतो: अडॅप्टरने निदान एक इव्हेंट हाताळल्याशिवाय तो या झाडात दिसतच नाही. नवीन बसवलेल्या सर्व्हरवर लोक तासभर शोधत बसतात. एक चाचणी पावती सोडा, पान पुन्हा उघडा, दिसेल.

आत इव्हेंट रिट्रीव्हल आणि इव्हेंट डिलिव्हरी असे दोन वेगळे गट मिळतात, प्रत्येकात गुड रिक्वेस्ट, बॅड रिक्वेस्ट आणि रिस्पॉन्स टाइम. हे दोन गट वेगळे आहेत हीच पीएमआयची खरी मदत. रिट्रीव्हल बिघडलं तर दोष काट्याच्या डेटाबेसकडे किंवा नेटवर्ककडे. रिट्रीव्हल चांगलं पण डिलिव्हरीचे बॅड वाढताहेत, तर मॉड्यूल किंवा ईआरपी बघायचं. डिलिव्हरीचा रिस्पॉन्स टाइम हळूहळू चढतोय आणि बॅड शून्य आहेत, तर समोरची बाजू दमते आहे आणि तुमच्या हातात अजून थोडा वेळ आहे. हे काउंटर सर्व्हर रीस्टार्ट झाला की शून्यापासून सुरू होतात, त्यामुळे आकडा न पाहता दोन वेळांमधला फरक पाहायचा. रनटाइम टॅबवर केलेला बदल लगेच लागतो पण रीस्टार्टनंतर जातो, कॉन्फिगरेशन टॅबवरचा रीस्टार्टनंतरच लागतो. दोन्हीकडे करून सेव्ह करा.

चार काट्यांसाठी चार अडॅप्टर असतील तर प्रत्येकाला वेगळा अडॅप्टर आयडी द्या. लॉग, ट्रेस आणि पीएमआय तिन्ही ठिकाणी ओळख त्यावरूनच पटते. आयडी छोटा ठेवा, सात अक्षरांच्या आत, काटा1, काटा2 असा, अर्थात रोमन अक्षरांत. क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारे अनेक सर्व्हर, असेल तर हाय अव्हेलेबिलिटी (एक पडला तर दुसऱ्याने काम उचलायची सोय) चालू असताना एका वेळी एकच मेंबर पोल करतो. दुसऱ्या मेंबरचे काउंटर शून्य दिसणं स्वाभाविक आहे, आणि ते पाहून हाय अव्हेलेबिलिटी बंद करायच्या फंदात पडू नका. बंद केलीत तर दोन्ही मेंबर त्याच टेबलावर तुटून पडतील.

शून्य काउंटरची दुसरी अडचण रात्रीची. मिल बंद पडली, गाडी नाही, इव्हेंट नाही, सगळं शून्य. आणि अडॅप्टर मेला तरीही सगळं शून्य. दोन्हींतला फरक कळावा म्हणून दर दहा मिनिटांनी एक चाचणी इव्हेंट टेबलात टाकायची सोय केली. त्याचं ऑब्जेक्ट वेगळं, ते ईआरपीकडे न जाता एका छोट्या मॉड्यूलमध्ये जातं आणि तिथे फक्त वेळ नोंदली जाते. शेवटची नोंद पंधरा मिनिटांहून जुनी झाली तर अडॅप्टर पोल करत नाही असं समजायचं. एंडपॉइंट कुणी कन्सोलमधून पॉज करून पुन्हा चालू करायला विसरलं असेल तर तेही यातच पकडलं जातं.

शेवटी सीईआय. ट्रबलशूटिंगखाली लॉग डिटेल लेव्हल बदलायच्या पानावर रनटाइम टॅब उघडायचा. डब्ल्यूबीआय लोकेशन मॉनिटर या नावाने सुरू होणाऱ्या ओळी दिसतात. त्यात सीईआय आणि लॉग अशा दोन शाखा आहेत, दोन्हींच्या टोकाला रिसोर्स अडॅप्टर. सीईआयची शाखा इव्हेंट डेटाबेसकडे जाते, लॉगची फाइलकडे. चुकून दोन्ही चालू करू नका. पातळ्या तीन: फाइनमध्ये इव्हेंट घडल्याची नोंद, पण आतला माल, म्हणजे इव्हेंटसोबतची माहिती, नाही. फाइनरमध्ये मालाचं वर्णन. फाइनेस्टमध्ये अख्खा माल. काट्याच्या बाबतीत अख्खा माल म्हणजे शेतकऱ्याचं नाव, खाते नंबर, टनेज. ही माहिती इव्हेंट डेटाबेसमध्ये जाऊन पडते आणि त्या डेटाबेसवर सहसा कुणाचं लक्ष नसतं. म्हणून चालू सर्व्हरवर फाइनेस्ट लावायचं नाही, हा नियम आम्ही लेखी करून घेतला. लोकांची माहिती आहे, ती जपणं आपलं काम आहे.

आकारमानाचा हिशेब मांडला की सीईआय कायम चालू का ठेवायचं नाही ते कळतं. प्रत्येक पोल फेरीची सुरुवात आणि शेवट नोंदला गेला असं धरा. 500 मिलिसेकंदांच्या फेरीने दिवसाला 1,72,800 फेऱ्या, म्हणजे 3,45,600 नोंदी, तासाला 14,400, एकही गाडी काट्यावर न चढता. सीईआय असिंक्रोनस असेल, म्हणजे नोंद लगेच डेटाबेसमध्ये लिहीत नसेल, तर या नोंदी आधी सर्व्हरच्या मेसेजिंग रांगेत जातात, आणि तिथे हाय मेसेज थ्रेशोल्ड, म्हणजे रांगेची कमाल मर्यादा, मुळात 50,000 चा असतो. इव्हेंट डेटाबेस बंद पडला तर साडेतीन तासांत रांग तुडुंब आणि पुढे सिस्टिमआउट लॉगमध्ये एररचा पूर. पाच सेकंदांच्या फेरीवर हाच आकडा दिवसाला 34,560 राहतो. तरीही आम्ही फाइनवर, जास्तीत जास्त अर्धा तास, आणि रनटाइम टॅबवरच चालू करतो, कॉन्फिगरेशनमध्ये सेव्ह करायच्या चौकटीत खूण न करता. बंद करायला कुणी विसरलं तरी पुढच्या रीस्टार्टला आपोआप बंद होतं. साठलेल्या नोंदी पर्ज स्क्रिप्टने काढायच्या. वय सेकंदांत द्यावं लागतं, तीन दिवस म्हणजे 2,59,200.

सीईआय उघडण्याआधी सिस्टिमआउट लॉगमध्ये मेसेज कोड शोधला तर निम्म्या वेळा तिथेच उत्तर मिळतं. जेडीबीसी अडॅप्टरचे कोड सीडब्ल्यूवायबीसीने सुरू होतात, सगळ्या अडॅप्टरना सामाईक असलेल्या पायाचे सीडब्ल्यूवायबीएसने. शेवटचं अक्षर ई म्हणजे एरर, डब्ल्यू म्हणजे वॉर्निंग. पायाच्या कोडची एरर असेल तर कनेक्शन, सेटिंग किंवा ट्रान्झॅक्शन पाहा. जेडीबीसीच्या कोडची असेल तर टेबल, कॉलम आणि ऑब्जेक्ट. सिस्टिमआउटची फाइल मुळात 1 एमबीला फिरते, हंगामात एवढी फाइल पुरत नाही. 20 एमबी आणि जुन्या दहा प्रती ठेवा, म्हणजे रात्री दोनचा एरर सकाळी नऊला सापडतो.

एक गोष्ट नव्याने हे काम करणाऱ्याला हमखास नडते. अडॅप्टर अॅप्लिकेशनच्या आत बांधलेला असेल आणि पोल पिरियड, स्टार्टअप रिट्राय ही सेटिंग तुम्ही कन्सोलमधून बदललीत, तर अॅप्लिकेशनची नवी आवृत्ती चढवताना ती मूळ किमतींवर परत जातात. 5000 चे पुन्हा 500 होतात आणि कुणाला पत्ता लागत नाही. कन्सोलमध्ये बदल केला की तोच बदल इंटिग्रेशन डेव्हलपरमधल्या (अॅप्लिकेशन बांधायच्या साधनातल्या) प्रोजेक्टमध्येही करा, आणि दर डिप्लॉयमेंटनंतर या चार-पाच किमती वाचून दाखवणारी छोटी स्क्रिप्ट चालवा.

सूचनांचा मजकूर कन्नड आणि मराठी दोन्हींत ठेवला, कारण रात्रपाळीला काट्यावर कोण असेल ते आधी ठरत नाही. त्यात एररचा कोड नाही, फक्त तीन गोष्टी: कुठला काटा, सगळ्यात जुनी अडकलेली पावती कुठली, किती मिनिटं. काटेवाला ती पावती वहीत टिपून ठेवतो, गाडी सोडतो आणि आयटीच्या माणसाला फोन करतो. गाडी अडवून ठेवायची नाही, कारण वजन डेटाबेसमध्ये पक्कं झालेलं असतं, अडलेला असतो तो फक्त निरोप. गाळप बंद झालं की स्टेटस 1 चे सगळे रेकॉर्ड अर्काइव्ह टेबलात हलवायचे, -1 चे एकेक करून पावतीशी ताडून मिटवायचे, आणि इव्हेंट टेबल रिकामं करूनच पुढच्या हंगामाची पहिली मोळी टाकायची.